डाव्या खांद्याचे दहा

(क्लबच्या हॉलमागची सामानाची खोली. दुपार. जमिनीवर दोन जाड गाद्या, कोपऱ्यात चेंडूंची जाळी. नणंद बायकांच्या रग्बी संघाची कप्तान आहे. तिच्या धाकट्या भावाची बायको त्याच संघात नवी. दोघी एका फोनमध्ये डोकं घालून बसल्या आहेत.)

भावजय – थांबवा. इथंच थांबवा. आता तुमच्या गुडघ्याकडे बघा.

नणंद – माझा गुडघा मी चाळीस वर्षं बघतेय. त्यात नवीन काय बघायचं?

भावजय – माझा खांदा कुठं आहे?

नणंद – येतोय की.

भावजय – येतोय. अजून लागलेला नाही. मध्ये चांगलं वीतभर अंतर आहे. आणि तुमचा गुडघा आत्ताच वाकलाय.

नणंद – पळताना गुडघा वाकतोच गं. नाहीतर माणूस काठीसारखं पळेल.

भावजय – ताई, मी दिवसभर चष्म्याची भिंगं घासते. केसाएवढी चूक राहिली तरी गिऱ्हाईक परत येऊन डोकं खातं. काय कसं वाकलंय ते मला सांगू नका. हा बघा पुढचा व्हिडिओ.

नणंद – तुला डॉक्टरांनी फोन बघायचा नाही सांगितलंय ना?

भावजय – ते पहिले दहा दिवस. आज डोक्याला लागून तीन आठवडे झाले. सकाळीच त्यांनी चिठ्ठी दिली, आता समोरचीला धरून पाडायला हरकत नाही म्हणून. तुम्हाला सगळ्यात आधी दाखवणार होते. मग म्हटलं, चिठ्ठी नंतर, आधी हे दाखवू.

नणंद – अगं पण चिठ्ठी मिळाली! हे आधी सांगायचं सोडून काय गुडघे दाखवत बसलीस? रविवारी खेळणार मग तू. ये इकडे, मिठी मार.

भावजय – सतरा व्हिडिओ आहेत.

नणंद – कसले?

भावजय – आपल्या सरावाचे. तुमच्या भावानं कौतुकानं काढलेले. सराव बंद, संध्याकाळी रिकामी बसून होते ना घरी, सगळे हळू करून करून बघितले. सतराच्या सतरा वेळा माझा खांदा लागायच्या आधी तुम्ही पडायला सुरुवात केलेली आहे. आणि पडल्यावर दर वेळी ओरडताय, "पाडलंस गं बाई, पाडलंस!"

नणंद – तू पाडतच होतीस.

भावजय – मी सत्तेचाळीस किलोची आहे आणि तुम्ही?

नणंद – माझं वजन मध्ये आणू नकोस. सोफे वाहायचं काम करते मी, अंगात ताकद लागते.

भावजय – मी हसत नाहीये, ताई.

नणंद – हे बघ, लहान माणूस मोठ्याला पाडू शकतं, हे मीच शिकवलं ना तुला? खाली वाक, मांड्यांना मिठी घाल, दोन्ही हात कुलूप लावल्यासारखे घट्ट, आणि पाय थांबवू नकोस. पाय बांधले की हत्तीपण कोसळतो. आहे की नाही?

भावजय – हो, शिकवलंत. आणि डोकं कुठं ठेवायचं सांगितलं होतंत?

नणंद – मागे.

भावजय – मागे. पळणारीच्या पाठीकडच्या बाजूला. पुढून कधीच नाही. पहिल्या दिवशी म्हणालात, लाजायचं काम नाही, गाल सरळ ढुंगणाला चिकटव. मी घरी जाऊन त्यांना सांगितलं, नणंदेच्या ढुंगणाला गाल लावणारी मी जगातली पहिलीच भावजय असेन. किती हसलो होतो आम्ही.

नणंद – त्यानं मला फोन करून सांगितलं होतं. मी गाडी चालवत होते, हसून हसून गाडी बाजूला लावावी लागली.

भावजय – आता हा बघा. नववा. तुम्ही माझ्या डावीकडून पळताय. मी कुठला खांदा घातलाय?

नणंद – उजवा.

भावजय – डावीकडून जाणारीला उजवा खांदा. म्हणजे माझं डोकं कुठं आलं?

नणंद – पुढे.

भावजय – बरोबर तुमच्या मांडीच्या पुढे. आता दहावा. डावीकडून, पुन्हा उजवा. चौदावा, तसंच. डावीकडून तुम्ही आठ वेळा आलात, आठही वेळा माझं डोकं पुढे आहे. आणि आठही वेळा मला लागत नाही, कारण तुमचा गुडघा माझ्या डोक्यापर्यंत यायच्या आत तुम्ही गादीवर पडलेल्या असता. तुम्हाला दिसत नव्हतं का हे?

नणंद – अगं, पळताना खाली कुठं बघतो आपण.

भावजय – ताई.

नणंद – काय ताई ताई लावलंयस?

भावजय – दिसत होतं का नव्हतं, एवढंच विचारतेय.

नणंद – दिसत होतं.

भावजय – आणि बोलला नाहीत.

नणंद – एकदा बोलले होते. आठवतंय? दुसऱ्या आठवड्यात. म्हटलं, डावा खांदा वापर गं, सगळं उजव्यानं करतेस. तुझं तोंड एवढंसं झालं. म्हणालीस, ताई, मला नाही जमायचं हे, मी आपली दुकानात बरी. बॅग उचलून निघालीस. मी तुला फाटकापासून परत आणली.

भावजय – म्हणून?

नणंद – म्हणून म्हटलं, आधी जरा हुरूप येऊ दे. मग सांगू. आमच्या घरात येऊन चार वर्षं झाली तुला, कधी आवाज चढला नाही की हसू ऐकू आलं नाही. सगळं "हो ताई", "बरं ताई". आणि इथं मला पहिल्यांदा पाडलंस तेव्हा अशी ओरडलीस की बाहेर गाड्या धुणारा माणूस आत डोकावला. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. ते मोडवेना मला.

भावजय – मी पाडलंच नव्हतं तुम्हाला.

नणंद – तुला वाटलं होतं ना पाडलं असं? तेवढं पुरे होतं तेव्हा.

भावजय – पुरे होतं? सामन्यात समोरच्या संघातल्या त्या सात नंबरच्या बाईला कोणी सांगितलं होतं का, की हिला वाटू दे म्हणून? ती आली माझ्या डावीकडून. मला जराही भीती वाटली नाही, ताई. जरासुद्धा. मनात म्हटलं, ही काय, आपण तर हिच्या दीडपट ताईंना रोज पाडतो. घातला उजवा खांदा. तिचा गुडघा कानशिलावर बसला, आणि पुढचं सगळं मला तुमच्याकडूनच कळलं.

नणंद – मीच उचलून आणलं तुला बाहेर.

भावजय – सोफ्यासारखं.

नणंद – असं बोलू नकोस गं.

भावजय – चार दिवस मला दुकानाची गल्ली आठवत नव्हती. बारा वर्षं जातेय त्या दुकानात. यांनी हाताला धरून सोडलं. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या बाईंचं डावं भिंग उजवीकडे बसवलं. मालक काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यानंच रडू आलं मला. माझे डोळे आणि माझं डोकं, एवढ्यावर पोट आहे माझं.

नणंद – चुकलं माझं. झालं? पाया पडू का?

भावजय – यांना माहीत होतं?

नणंद – कोणाला?

भावजय – तुमच्या भावाला. उभे राहून व्हिडिओ काढत होते. त्यांना दिसत होतं का तुम्ही पडताय ते?

नणंद – त्याला मध्ये नको घेऊस.

भावजय – म्हणजे माहीत होतं.

नणंद – त्यानंच सांगितलं होतं मला, जपून खेळव म्हणून. काळजीनं म्हणाला गं. नवीन आहे, नाजूक आहे, तू अंगावर गेलीस तर मोडेल म्हणाला. आता भावानं सांगितलं तर मी काय करणार?

भावजय – वा! म्हणजे रोज घरी गेल्यावर मी हातवारे करून सांगायचे, आज असं पाडलं, तसं पाडलं. हे ताटावर बसून मान डोलवायचे. आणि मग तुम्ही दोघं माझ्यामागे हसत होता का मला?

नणंद – नाही! देवाशप्पथ नाही. हसलं नाही कोणी.

भावजय – घरचेच दोघं. बाहेरच्या कोणी फसवलं असतं तर घरी येऊन सांगितलं तरी असतं. आता कोणाला सांगू?

नणंद – मला शिव्या घाल. घाल खरंच, मोकळी हो. पण फसवलं म्हणू नकोस. मायेनं केलं मी.

कोच – आत येऊ का? दोघींची भांडणं हॉलपर्यंत ऐकू येतायत.

नणंद – भांडण कसलं सर? नणंद-भावजयीचं प्रेम असंच असतं.

कोच – असेल. चिठ्ठी मिळाली का डॉक्टरांची?

भावजय – मिळाली सर. ही घ्या.

कोच – छान. मग आता तुमचं कार्ड नव्यानं भरायचं. डोक्याला मार लागला की जुनं कार्ड रद्द, असा नियम आहे आपल्याकडे. हे कोरं घ्या, जुनं मला फाडून टाकू दे.

भावजय – कसलं कार्ड?

कोच – कसलं म्हणजे? नवीन खेळाडूचं. तुमच्यापेक्षा जड जोडीदाराला उजव्या खांद्यानं दहा वेळा पाडायचं, डाव्यानं दहा वेळा, डोकं योग्य बाजूला ठेवून. जोडीदारानं प्रत्येक चौकोनात खूण करायची आणि खाली सही. त्याशिवाय मी कोणालाही मैदानात उतरवत नाही. तुमचं भरलेलं आलं होतं की माझ्याकडे. हे काय.

भावजय – बघू.

नणंद – सर, ते राहू द्या ना, फाडून टाका.

भावजय – बघू द्या, सर.

कोच – घ्या. का, काय झालं?

भावजय – डाव्या खांद्याचे दहा. दहाच्या दहा खुणा. एकाच पेनानं, एकाच दमात. खाली तुमची सही आहे, ताई.

कोच – मग? पाडलं नव्हतं का दहा वेळा?

भावजय – सर, मी डाव्या खांद्यानं आजपर्यंत एकदाही कोणाला पाडलेलं नाही. असं कार्ड असतं हेच मला माहीत नव्हतं.

कोच – कप्तान?

नणंद – काय सांगू सर आता.

भावजय – तारीख बघा ना. शुक्रवार. सामना रविवारी होता. शुक्रवारी आपण सराव केलाच नव्हता, ताई. शुक्रवारी तुम्हाला कोणाचं तरी घर हलवायचं होतं. तिसऱ्या मजल्यावर कपाट अडकलं होतं, रात्री जेवताना सांगत होतात.

कोच – शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही कार्ड आणून दिलंत मला. मी विचारलं, दोन्ही खांदे? तुम्ही म्हणालात, दोन्ही सर, घरचीच आहे, मी जबाबदार.

नणंद – त्या आठवड्यात दोघी आजारी पडल्या सर. तुम्हालाही ठाऊक आहे. आपण चौदाच उरलो होतो.

भावजय – चौदा.

नणंद – पंधरा झालो नसतो तर सामना सोडून द्यावा लागला असता. तो सोडला असता तर खालच्या गटात गेलो असतो. सहा वर्षं घालवलीत मी या गटात यायला. सहा वर्षं, गं.

भावजय – आत्ता तर म्हणत होतात, मायेनं केलं.

नणंद – मायापण होती.

भावजय – पण कार्डावर सही केलीत ती चौदा होतात म्हणून.

नणंद – मला वाटलं, तुला कडेला उभी करू. तुझ्याकडे कोणी येणारच नाही. मी शेजारी आहेच. मी म्हटलं नव्हतं का, तू फक्त माझ्या शेजारी राहा, काही होत नाही?

भावजय – म्हटलं होतं. म्हणूनच राहिले ना.

कोच – कप्तान, ही सही म्हणजे हजेरी नव्हे. त्या सहीवर मी एका बाईला मैदानात सोडलं. तिची मान मोडली असती तर तिच्या घरी काय सांगणार होतो मी?

नणंद – घरी मीच असते, सर.

कोच – हे बोलून तुम्हाला बरं वाटत असेल, मला नाही वाटत. रविवारनंतर आपण बोलू. कप्तानपदाचंही बोलू. सध्या माझ्याकडे पुन्हा चौदाच आहेत, आणि या वेळी मी चौदाच घेऊन जाईन, चालेल मला. तुम्ही काय ठरवताय?

भावजय – मला शिकायचंय.

कोच – आज?

भावजय – आत्ता. डावा खांदा. तुम्ही बघत उभे राहा, आणि या पळतील. दुसरं कोणी नको. यांच्यासमोर खोटं शिकले, यांच्यासमोरच खरं शिकते.

कोच – बरं. पण क्रमानं. आधी तुम्ही गुडघ्यावर आणि त्यापण गुडघ्यावर. मग त्या चालत येतील. मग हळू पळत. जोरात आज नाही. आणि डोकं एकदा जरी पुढे आलं, तर मी शिट्टी वाजवणार आणि आजचं बंद.

भावजय – कबूल.

कोच – डावीकडून जाणारी, डावा खांदा. डावा पाय तिच्या पायाजवळ टाका, लांबून झेप घालायची नाही. लहान माणसं तिथंच फसतात, लांबून उडी मारतात. नजर तिच्या चड्डीच्या काठावर. मान आखडून ठेवा, हनुवटी वर. गाल मागे.

नणंद – गाल कुठं ते तिला माहितीय, सर.

भावजय – आज विनोद नको, ताई.

नणंद – बरं.

कोच – गुडघ्यावर. चला. हं. पुन्हा. डोकं मागे, छान. पुन्हा. हात सुटतायत, मनगट धरा स्वतःचं. हं, असं. आता उभ्या राहा. कप्तान, चालत या. आणि ऐका, पडायचं नाही. तिनं पाडलं तरच पडायचं.

नणंद – कळलं.

कोच – डोकं पुढे येतंय! थांबा. आलं नाही पूर्ण, म्हणून शिट्टी वाजवली नाही. कुठला पाय टाकलात?

भावजय – उजवा.

कोच – म्हणून. पाय चुकला की खांदा चुकतो, खांदा चुकला की डोकं. पुन्हा.

नणंद – आई गं.

कोच – नाही पडल्या त्या. पाय चालू ठेवा, तुम्ही थांबलात. लागल्यावर थांबायचं नाही, तिथूनच तर सुरुवात होते. पुन्हा. नाही. पुन्हा.

भावजय – हलत नाहीत या. भिंत आहे नुसती.

नणंद – थांबायचं का जरा? पाणी पी.

भावजय – नको. आता मला कळतंय तरी तुम्ही केवढ्या आहात ते. सात महिन्यांत आज कळतंय. या तुम्ही.

कोच – आता हळू पळत. घाई करू नका, तिला येऊ द्या. पाय. डावा. हं… धरा! पाय चालू, पाय चालू!

नणंद – आ!

कोच – हात सोडा आता. डोकं कुठं आहे? मागे. बरोबर मागे. हे झालं बघा! एक खूण. बाहेर कोणीतरी हाक मारतंय मला, दोन मिनिटांत आलो. मी येईपर्यंत पुढचं करायचं नाही.

नणंद – पाडलंस. पाडलंस गं. श्वास अडकला माझा. ही बरगडी बघ, उद्या काळीनिळी होईल.

भावजय – पडलीस की पाडलं?

नणंद – काय?

भावजय – मैदानावर अहो-जाहो करायचं नाही, असा तुझाच नियम ना? मग सरळ सांग. पडलीस की पाडलं?

नणंद – पाडलंस. आईशप्पथ पाडलंस.

भावजय – असंच म्हणायचीस. अगदी ह्याच आवाजात.

नणंद – अगं, सर होते ना समोर. त्यांनी बघितलं.

भावजय – त्यांनी माझं डोकं बघितलं. तुझा गुडघा कोण बघत होतं?

नणंद – मग कसं पटवू तुला? काय करू म्हणजे पटेल?

भावजय – तेच तर मला कळत नाही. खांद्याला कळलंय, आज काहीतरी वेगळं लागलं. आनंद व्हायला हवा होता. उठून ओरडायला हवं होतं मी, त्या गाड्या धुणाऱ्याला पुन्हा ऐकू जाईल असं. आणि मी आपली पडल्या पडल्या तुझं तोंड बघतेय, खरं बोलतेस का ते शोधत.

नणंद – होईल गं हळूहळू. नऊ राहिलेत अजून.

भावजय – नऊ करीन मी. उद्या पुन्हा करीन.

नणंद – आणि रविवारी? येशील ना?

भावजय – सरांनी कार्ड भरलं तर येईन. तुम्ही चौदा आहात म्हणून नाही. मला खेळायचंय म्हणून.

नणंद – येशील म्हणालीस, पुष्कळ झालं. तू फक्त माझ्या शेजा–

भावजय – नको ताई. सर आले की सांगा त्यांना, मला दुसऱ्या टोकाला उभं करा.